एक पोर, दोन वस्ताद



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या खेपेला विषय निराळा आहे. पण तो आम्हांला एका सभासदाच्या उसाच्या बांधावरच मिळाला, तेव्हा शेतकी खात्याच्या पानावर तो घ्यायला कुणाची हरकत नसावी.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावी गेलो होतो. (गावाचे नाव मुद्दामच देत नाही. का, ते पुढे कळेल.) क्षेत्र पाहून झाले, नोंद झाली, चिटबॉयने सही घेतली. आम्ही मोटारसायकलला किक मारणार, तोच सभासद म्हणाले, "सायेब, एक इचारायचं होतं. उसाचं नाही."

त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, नववीत शिकतो. पहाटे पाच ते सात गावच्या तालमीत मातीत असतो. शाळा सुटली की सायकल काढून सहा किलोमीटरवर गंगाखेडला जातो. तिथे एका मंडळाने गादी टाकली आहे, मॅट म्हणतात ती, आणि तिथले प्रशिक्षक साडेपाच ते साडेसात शिकवतात. पोरगे गुणी आहे. दोन्हीकडे त्याचे कौतुक आहे, आणि भांडण त्यातूनच उभे राहिले. गावचे वस्ताद म्हणतात, "तू माझा का त्याचा, ते एकदा सांग." गावातले प्रशिक्षक म्हणतात, "मातीतल्या सवयी इथे चालत नाहीत, त्या आधी सोड."

"दोन्हीकडं जाऊ द्यावं का एकच धरावं?" वडिलांनी विचारले. "एक नाराज झाला तर लेकराचं वाटोळं व्हायचं."

आत चुलीपाशी बसलेल्या माउलीने तेवढ्यात भर घातली, "दूध दोघंबी सांगत्यात. म्हैस मात्र एकच हाय."

याला काय उत्तर द्यावे? आम्ही शेतीची पदविका घेतलेला माणूस. लहानपणी जत्रेत नारळावरच्या दोन कुस्त्या केल्या आणि दोन्ही हरलो, एवढाच काय तो आमचा अधिकार. त्या दिवशी आम्ही "बघू, विचार करून सांगतो" म्हणून निघालो. पण तालुक्यात हाच प्रश्न घेऊन बसलेली घरे आणखी आहेत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून तर कबड्डीच्या पोरांचीही अशीच ओढाताण दिसते. सकाळी गावचे मंडळ, संध्याकाळी शहरातला संघ, आणि रविवारी कुणीतरी बोलावले म्हणून तिसऱ्याच्याच मैदानावर. म्हणून थोडे वाचले, चार जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

पहिल्यांदा जुने लोक काय सांगतात ते ऐका. तालमीचा रिवाज असा की वस्ताद एकच. त्याच्या पायाला हात लावून लंगोट बांधायचा, तो सांगेल तेवढे जोर, तो सांगेल तेवढ्या बैठका, आणि तो लावील तीच कुस्ती. एका तालमीची पोरे सहसा एकमेकांविरुद्ध मैदानात उतरत नाहीत. मग दोन तालमींतल्या पोराने लढायचे कुणाशी आणि डाव सांगायचे कुणाला? तालमीचा डाव बाहेर जातो ही भीतीही त्यात आहे. हा रिवाज निव्वळ मानपानाचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. एक वस्ताद असला की पोराने काल काय केले, त्याचा खांदा कुठे दुखतो, घरी कणकेला तूप आहे की नाही, हे सगळे एका माणसाच्या डोक्यात राहते. वही नसली तरी हिशेब असतो.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खेडेगावच्या तालमीत जोड मिळत नाही. आमच्या या पोराच्या वजनाची गावात तीनच पोरे. त्यांतले एक दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते ते पाडव्यालाच परत येते. गादी नाही. आणि शालेय स्पर्धा, चौदा वर्षांखालची असो की सतराखालची, गादीवर होते. मातीत पाय रुततो, कुस्ती दमाने चालते. गादीवर पाय सरकतो, घड्याळ चालू असते, गुण मोजले जातात. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळवून दोहोंच्या विजेत्यांत शेवटची लढत लावतात, ती उगाच नव्हे. अशा वेळी गरिबाच्या लेकराला "एकच तालीम धर" म्हणून सांगणे म्हणजे त्याच्या वाट्याची गादी काढून घेणे आहे.

मोठे झालेले मल्ल काय करीत होते? खाशाबा जाधव हे नाव सर्वांना ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, वडील दादासाहेब हेच पहिले वस्ताद. पुढे कोल्हापूर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले आणि ते तिथे सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे मातीचे शिक्षण आणि परदेशी माणसाचे शिक्षण, दोन्ही एकाच अंगात मुरले.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. हरिश्चंद्र बिराजदार आजच्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत स्वतः वस्ताद होऊन बसले. त्यांच्याकडे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे आला. राहुलचे वडील स्वतः पैलवान, म्हणजे पहिली तालीम घरचीच. २०११ साली बिराजदार वारले, तेव्हा राहुल काका पवारांकडे गेला. २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक घेतले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात ब्राँझ. तीन वस्ताद झाले खरे, पण एका वेळी एक.

कुस्तीच कशाला, धावण्यात पहा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. सैन्यात अमरीश कुमार यांनी त्याला हेरले. मध्ये तो निकोलाय स्नेसारेव या परदेशी प्रशिक्षकाकडे होता, नंतर पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आला. २०२२ साली बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक घेतले. तोही प्रशिक्षक बदलत गेला. पण सकाळी एकाचे ऐकायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याचे, असे त्याने केल्याचे आमच्या वाचनात नाही.

खाशाबांची हेलसिंकीची आणखी एक हकीकत सांगतात, ती आम्हांला या विषयात फार महत्त्वाची वाटते. जपानच्या इशीबरोबर त्यांची लढत लांबली आणि ते थकले. त्यानंतर त्यांना लगेच रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता म्हणतात. पण तो दाखवून "थांबा, आमचा गडी दमला आहे" असे म्हणायला त्या वेळी आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ते तसेच उतरले आणि हरले.

असो. पुन्हा आपल्या पोराकडे येऊ.

पंधरा दिवसांनी आम्ही परत गेलो. पोरगे ओसरीवर बसले होते, उजव्या गुडघ्यावर हळद लावलेली. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला सुपारीएवढी गाठ आली होती. हात लावला की कळ. गावचे वस्ताद म्हणाले होते, मार लागला असेल, तेल चोळा. गंगाखेडचे प्रशिक्षक म्हणाले होते, पट्टा बांध. आम्ही वडिलांना म्हणालो, आधी डॉक्टरकडे चला.

डॉक्टरांनी पाहून सांगितले की ही मार लागल्याची गाठ नव्हे. वाढत्या वयात हाडाची टोके अजून कच्ची असतात. मांडीचा स्नायू गुडघ्याखाली जिथे हाडाला धरतो, तिथे बैठका, उड्या आणि पळण्याने सारखा ताण बसला की जागा सुजते, हाड पुढे येते. वय वाढले की बहुधा आपोआप थांबते, पण तोवर काम कमी करावे लागते. मग त्यांनी विचारले, "आठवड्यातून किती तास करतोस?"

पोराला सांगता येईना. आम्हीच कागद घेतला. सकाळी दोन तास. गावच्या तालमीत शनिवारी मारुतीचा वार, म्हणून फक्त पूजा, सुट्टी. म्हणजे सहा दिवसांचे बारा तास. संध्याकाळी दोन तास, तिथे रविवारी सुट्टी. आणखी बारा तास. एकूण चोवीस, आणि रोजची बारा किलोमीटर सायकल वेगळीच. डॉक्टर म्हणाले, वाढत्या मुलांसाठी एक साधा हिशेब क्रीडावैद्यक सांगते. मुलाचे जितके वय, त्याहून जास्त तास आठवड्यात एका खेळाचा सराव नको. म्हणजे या पोराला चौदा. शिवाय आठवड्यातून एक तरी दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून थोडे दूर.

आता गंमत पहा. दोन्ही ठिकाणी आठवड्याची सुट्टी होती. दोन्ही वस्ताद आपापल्या जागी बरोबर होते. एकाने शनिवारी सोडले, दुसऱ्याने रविवारी. आणि पोराला आठ महिन्यांत विश्रांतीचा एकही दिवस मिळाला नव्हता.

हे ऐकताना आम्हांला नोकरीच्या सुरुवातीचा एक प्लॉट आठवला. पूर्वहंगामी उसाला हेक्टरी ३४० किलो नत्र, तेही चार हप्त्यांत: लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, पुढे बारा ते सोळा आठवड्यांनी दहा, आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस. आम्ही तसे लिहून दिले. त्या सभासदांनी ते पाळले. पण खताच्या दुकानदारानेही त्यांना वेगळा तक्ता दिला होता, आणि तोही त्यांनी पाळला! ऊस असा काही हिरवागार झाला की लोक पाहायला यायचे. भाद्रपदातल्या एका वाऱ्यात तो सगळा लोळला. पांगशा फुटल्या, उंदीर लागले, आणि तोडणीला टोळी पाय ठेवीना. आमचा तक्ता चुकीचा नव्हता, दुकानदाराचाही फारसा नव्हता. आम्ही मात्र "आणखी कुठले खत टाकता का?" एवढा प्रश्न विचारला नव्हता. तो दोष आमचाच.

दुसरी बाब वजनाची. गावच्या वस्तादांना जत्रेच्या मैदानासाठी पोराचे अंग भरायला हवे होते. गंगाखेडच्या प्रशिक्षकांना तो दोन किलो खाली, हलक्या गटात हवा होता. माउलीने म्हशीचे सांगितले ते याच ओढाताणीतून. एक महिना दूध-बदाम, पुढच्या महिन्यात रात्रीची भाकरी बंद. हे हसण्यासारखे नाही. १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयातले तीन तरुण मल्ल वजन उतरवताना, पाणी तोडून घाम काढण्याच्या नादात दगावले, आणि त्यानंतर तिथले वजनाचे नियमच बदलावे लागले. तेव्हा चौदा वर्षांच्या पोराचे वजन कुणीही उतरवायला सांगितले तर आईबापांनी सरळ नाही म्हणावे, मग सांगणारा कितीही मोठा वस्ताद असो.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. दोन ठिकाणी एकच खेळ आणि दोन ठिकाणी दोन वेगळे खेळ, या निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या गटातल्या एका सभासदाची मुलगी सकाळी कालव्याच्या कडेने पळते आणि शाळेत खो-खो खेळते. तिला कुणी "एकच धर" म्हणत असेल तर घाई करू नये. लहान वयात दोन-तीन खेळ खेळलेली मुले पुढे एका खेळात चांगली निघतात, आणि त्यांच्या एकाच सांध्यावर सारखा ताण येत नाही, असेच जाणकार सांगतात. तिथेही तास मोजावेत, एवढेच.

आणि कागदाचे पहावे. सराव कुठेही करा, स्पर्धेच्या फॉर्मवर नाव एकाच ठिकाणी द्या. मुलाची सही घेण्याआधी बापाने तो कागद वाचावा. आपण लागणीची नोंद वाचून सही करतो ना, तसेच. (सगळेच करतात असे नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.)

आता ते गाव का सांगितले नाही ते सांगतो. वडिलांच्या मनात एक भीती होती, ती त्यांनी तिसऱ्या भेटीत बोलून दाखवली. गावचे वस्ताद कारखान्याच्या निवडणुकीत एका पॅनेलचे, आणि गंगाखेडच्या मंडळामागे दुसऱ्या पॅनेलचे लोक. "पोराला एकीकडून काढलं आन् उद्या माझ्या उसाची तोड मागं पडली तर?" आम्ही त्यांना जे सांगितले तेच इथे छापून देतो. तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे आणि जातीप्रमाणे ठरतो. पोरगे कुणाच्या आखाड्यात घुमते, याचा रकाना आमच्या रजिस्टरला नाही. तसा कुणी लावू पाहील तर सभासदांनी आम्हांला येऊन विचारावे.

शेवटी आम्ही दोन्ही वस्तादांना आमच्या गट कार्यालयात चहाला बोलावले. दोघेही आले, पण खुर्च्या लांब ओढून बसले. पहिला अर्धा तास पाऊसपाणी. मग आम्ही तासांचा तो कागद टेबलावर ठेवला. गावचे वस्ताद बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "शनवारीबी हा तिकडं जातो? मला वाटलं झोपतो." गंगाखेडचे म्हणाले, "आणि मला वाटलं सकाळी नुसते जोर मारतो." दोन माणसे आठ महिने एकाच पोराला घडवीत होती, आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

ठरले ते असे. गुडघा बरा होईपर्यंत बैठका आणि पळणे बंद, फक्त हाताचे डाव. नंतर मातीत चार सकाळी, गादीवर तीन संध्याकाळी, मिळून चौदा तास. सोमवारी दोन्हीकडे सुट्टी. वजनाला डॉक्टरांशिवाय कुणी हात लावायचा नाही. मुख्य वस्ताद गावचे, कारण पोरगे त्यांच्या नजरेसमोर राहते. गादीच्या स्पर्धेपुरता शब्द गंगाखेडच्या प्रशिक्षकांचा. हे शेवटचे ठरायला दुसरा चहा मागवावा लागला.

आणि एक वही. दप्तरात ठेवायची, दोघांनीही त्या दिवशी काय करून घेतले ते लिहायचे. गंगाखेडच्या प्रशिक्षकांनी लगेच मान्य केले. गावचे वस्ताद उसळले, "मी काय शाळामास्तर हाय का?" त्यावर पोराची धाकटी बहीण, सहावीतली, लिहिणार असे ठरले. वस्ताद सांगतील, ती लिहील.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. जत्रेच्या मैदानात पोरगे आपल्याहून हलक्या जोडीकडून चितपट झाले. गावच्या वस्तादांनी दोष गादीला दिला, गंगाखेडच्यांनी सुटलेल्या सरावाला. गाठ अजून आहे, पण कळ कमी आहे. शाळेच्या स्पर्धेला तीन महिने आहेत.

गेल्या आठवड्यात मोठ्या बांधणीची पाहणी करायला आम्ही त्या शिवारात होतो. पोरीने आम्हांला वही आणून दाखवली. अक्षर सुरेख. चार सोमवार नीट तपासले. पहिल्या तिन्हींसमोर लिहिले होते, "सुट्टी". चौथ्यासमोर होते, "सुट्टी. रात्री लाईट आली म्हणून दादाने उसाला पाणी दिले. पहाटे चारपर्यंत."

आम्ही वही घेऊन त्यांच्या वडिलांना शोधायला बांधाकडे गेलो.